घराबाहेर अडकलात? दार लागलेल्या कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हार्डवेअरच्या दुकानात बसलं की कुलपं विकण्यात जातो तेवढाच वेळ लागलेल्या दारांच्या चौकशीत जातो. घंटागाडीची गाणी ऐकून कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरलेल्या काकू, गंगावेशीतल्या कट्ट्यावरनं दूध घेऊन परतलेले आजोबा, विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहिलेली पोरं, असे सगळेच विचारायला येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, पण दार प्रत्येकाचं वेगळ्या कारणानं अडलेलं असतं. ते कारण न बघता खांदा लावायला, पाईपला लोंबकळायला किंवा कुलपावर हातोडा मारायला गेलं की शंभराचं काम हजारात जातं, आणि कधीकधी हातपाय मोडतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न म्हणून इथं एकत्र घेतले आहेत. आत्ता दाराबाहेर उभे राहून वाचत असाल तर पहिले तीन वाचा, बाकीचे घरात गेल्यावर.

दार आत्ताच लागलंय. आधी काय करू?

आत काय चालू आहे ते आठवा. शेगडीवर काही ठेवलंय का, बाळ झोपलंय का, अंथरुणावरचं माणूस आहे का, इस्त्री किंवा नळ चालू आहे का? यातलं काहीही असेल तर थेट पुढचा प्रश्न वाचा.

काहीच नसेल तर घाई करू नका. दार कुठं पळून जात नाही. मागचं दार, परसाकडचं दार खरंच बंद आहे का ते बघून या. घरातल्या आणखी कुणाकडे किल्ली आहे ते आठवा. फोन आत राहिला असेल तर शेजाऱ्यांचा मागा. अशा वेळी घरातल्या माणसांचे नंबर पाठ नसतात, ही अडचण मला वारंवार दिसते. दोन नंबर तरी पाठ असू द्यात आणि मुलांकडूनही पाठ करून घ्या. नवरा किंवा मुलगा शिरोली एमआयडीसीत कामाला असेल तर त्यानं किल्ली घेऊन यायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात चावीवाला शोधूनही मिळणार नाही. शेजारी चहा घ्या आणि वाट बघा.

आत गॅस चालू आहे, मूल आहे किंवा वयस्कर माणूस आवाज देत नाही. आता?

११२ वर फोन लावा आणि अग्निशमन दलासाठी १०१ लावा. हे फुकट आहे, चोवीस तास आहे आणि याच्यासाठीच आहे. माणूस बेशुद्ध असण्याची शंका असेल तर १०८ ची रुग्णवाहिकाही मागवा. शेजारचे दोघंतिघं गोळा करा, म्हणजे दार उघडताना साक्षीदारही होतात आणि हातही मिळतात.

गॅसचा वास येत असेल तर बेल दाबू नका. जिन्यातला दिवा लावू नका, चालू असेल तर बंदही करू नका. मीटरपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढायचा मोह होतो, तोही टाळा. ठिणगी खटका पाडतानाही उडते. फोन करायचा तो दारापासून लांब जाऊन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. सिलिंडर बाहेरच्या डक्टमध्ये किंवा मागच्या व्हरांड्यात ठेवलेला असेल तर रेग्युलेटर बंद करा, निम्मं संकट तिथंच टळतं.

वास येत नाही, फक्त दूध तापत ठेवलंय, अशा वेळी लोक गाफील राहतात. दूध उतू जाऊन ज्योत विझली की त्यानंतर नुसता गॅस बाहेर पडत राहतो. म्हणून उकळत्या दुधाला मी आणीबाणीच समजतो.

लहान मूल न्हाणीघरात आतून बोल्ट लावून अडकलं असेल तर एकाच माणसानं, शक्यतो आईनं किंवा आजीनं, शांत आवाजात त्याच्याशी बोलत राहावं. दहा जण ओरडायला लागले की मूल रडतं आणि बोल्टपाशी येतच नाही. गिझरचं बटण बाहेर असतं, ते आधी बंद करा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि आतलं माणूस उत्तर देत नसेल तर मात्र क्षणभरही थांबू नका, दार फोडा. बंद जागेत गॅस गिझर जळत राहिला की कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. दार उघडलं की आधी त्याला मोकळ्या हवेत आणा.

दार कशानं अडलंय हे कसं ओळखायचं?

आपल्याकडच्या घरांत साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला, सगळ्यात जास्त अडकवणारा, म्हणजे नाईट लॅच. दाराच्या आतल्या बाजूला डबी, बाहेर फक्त किल्लीचं भोक. तिच्या जिभेला एका बाजूनं उतार असतो आणि मागं स्प्रिंग असते. दार लोटलं की जीभ चौकटीवर घासून आत दबते आणि खाचेसमोर आली की टक्कन बाहेर पडते. त्यामुळे दार लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. रंकाळ्याकडनं वारा सुटला, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असल्या की दार आपसूक आपटतं. घंटागाडीवाल्या बहुतेक प्रकरणांत हेच झालेलं असतं. यात एक चांगली गोष्ट आहे: दार फक्त त्या जिभेवर अडलेलं असतं, त्यामुळे जाणता माणूस ते मोडतोड न करता उघडू शकतो.

दुसरा प्रकार, दाराच्या जाडीत बसवलेलं मॉर्टिस कुलूप, बाहेरून हँडल असलेलं. नव्या अपार्टमेंटमध्ये हे जास्त. यात एक बारीक खोच आहे. काही सिलिंडरांत, म्हणजे कुलपातल्या किल्ली घालायच्या नळकांड्यांत, आतल्या बाजूनं किल्ली लावून ठेवली असेल तर बाहेरून दुसरी किल्ली पूर्ण आत जात नाही. म्हणजे तुमच्या खिशात किल्ली असूनही तुम्ही बाहेर. रात्री आतून किल्ली लावून ठेवायची सवय असलेल्या घरांनी सिलिंडर घेताना 'आत किल्ली असली तरी बाहेरून उघडतो का' एवढं विचारूनच घ्यावं.

तिसरा, साधं कडी-कोयंड्याचं किंवा अल्ड्रॉपचं कुलूप. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत अजून हेच आहे आणि मला ते आवडतं, कारण किल्ली हातात असल्याशिवाय ते सहसा लागत नाही. त्याचा त्रास एकच, किल्ली हरवण्याचा. काही कुलपं मात्र नुसती दाबली की बसतात, ती घेतली असतील तर लॅचइतकीच काळजी घ्या.

चौथा, आतून पडलेली कडी. दार जोरात आपटल्यावर वर ओढून ठेवलेला खालचा बोल्ट स्वतःच्या वजनानं खाली घसरतो, किंवा एखादं लहान मूल आतून खिट्टी लावतं. इथं जगातली कुठलीही किल्ली चालत नाही. चावीवाल्याला बोलावण्याआधी हे सांगितलंत तर तो त्या तयारीनं येईल. नाहीतर येऊन लॅच उघडेल, आणि दार तसंच.

बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर दोन्हीपैकी नेमकं कुठलं अडलंय तेही बघा.

एटीएम कार्ड सरकवलं की लॅच उघडतं म्हणे?

क्वचित. दार सैल असेल, चौकटीला पट्टी नसेल आणि लॅचला जादा फेरा दिलेला नसेल तर. बाकी वेळी कार्ड तुटतं आणि तुकडा फटीत राहतो. ज्या दाराला कार्ड लागू पडतं त्या दारानं तुम्हाला सावधच करायला हवं, कारण ते चोरालाही लागू पडतं. बऱ्याच लॅचना बाहेरून किल्लीचा आणखी एक फेरा देता येतो. तो दिला की जीभ मागं ढकलली जात नाही. गावाला जाताना तो फेरा न चुकता द्या.

किल्ली बरोबर आहे, फिरतेही, पण दार हलत नाही.

जून ते सप्टेंबर हा प्रश्न रोज येतो. कोल्हापूरच्या पावसात लाकूड पाणी धरतं आणि फळी फुगते. कुलूप मोकळं झालेलं असतं, दार चौकटीत आवळलेलं असतं. वरचा कोपरा आणि खालचा कोपरा हातानं दाबून बघा. जो कोपरा जराही दबत नाही, तिथं दार धरलंय. त्या जागी तळहाताचे ठोसे द्या, लाथ नको. लाथेनं खालची फळी सुटते.

किल्ली अर्धीच फिरत असेल तर गोष्ट वेगळी. दार खाली बसलेलं असतं आणि कुलपाची जीभ खाचेच्या कडेला दाबली गेलेली असते. हँडल धरून दार स्वतःकडे ओढा, किंवा थोडं वर उचला, आणि तसं धरूनच किल्ली फिरवा. जोर दाराला द्या, किल्लीला देऊ नका. घरात गेल्यावर बिजागरीचे स्क्रू आवळून घ्या आणि पाऊस संपल्यावर सुताराकडून कड रंधून घ्या. ऐन पावसात रंधा मारू नका, दिवाळीत त्याच दाराला बोटभर फट पडते.

कुलपात खोबरेल तेल सोडायची पद्धत घराघरांत आहे. आठ दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर धूळ बसून आत चिखल होतो. त्यापेक्षा मऊ शिसपेन्सिलीनं किल्लीचे दाते दोन्ही बाजूंनी काळे करा आणि किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. पेन्सिलीतलं ग्राफाईट कोरडंच काम करतं.

किल्ली कुलपातच तुटली.

उरलेला तुकडा आत ढकलू नका. काडीला फेवीक्विक लावून तुकडा ओढून काढायचा उपाय मोबाईलवर सगळ्यांनी बघितलेला असतो. दुकानात येणारी अशी कुलपं मी हातात घेतो तेव्हा आतल्या पिना गोंदात कायमच्या चिकटलेल्या असतात. मग किल्लीचा तुकडा राहतो बाजूला आणि सगळं कुलूपच बदलावं लागतं.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा. किल्ली घालताना भोक जसं उभं असतं, तसंच ते आत्ता आहे का, की थोडं फिरलेलं आहे? फिरलेल्या स्थितीत तुकडा ओढून निघत नाही, आधी ते मूळ जागी आणावं लागतं. टोक बाहेर दिसत असेल आणि भोक उभं असेल तर बारीक टोकाच्या पकडीनं सरळ ओढा. नसेल तर चावीवाल्यावर सोडा. तुटलेला दुसरा तुकडा टाकू नका. दोन्ही तुकडे जुळवून नवी किल्ली बनते.

चावीवाला नेमकं करतो काय?

किल्ली पूर्ण हरवली असेल आणि कुलूप शाबूत ठेवायचं असेल तर तो ठसा घेऊन किल्ली बनवतो. हे काम जवळून बघण्यासारखं आहे. जुडग्यातनं कुलपाच्या भोकाला बसणारी कोरी किल्ली निवडतो, तिची धार कानसीनं साफ करतो किंवा ज्योतीवर धरून काजळी आणतो. मग ती आत घालून दाबून थोडी फिरवतो, बाहेर काढतो आणि उजेडात तिरपी धरतो. जिथं आतली पिन किंवा पत्ती अडली, तिथं धातूवर सुईच्या टोकाएवढी खूण उमटलेली असते. तेवढ्याच जागी कानस दोन-तीनदा फिरते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा उजेडात. खुणा उमटायच्या थांबल्या की किल्ली फिरते. मशीन नाही, माप नाही, सगळं डोळ्यावर आणि मनगटावर. आपल्याकडे हे काम शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. 'एवढ्याशा कानसीच्या कामाला इतके पैसे?' असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. त्या माणसानं तुमचं कुलूपही वाचवलेलं असतं आणि दारही.

ठसा उमटत नसेल, किंवा जास्त सुरक्षेचं कुलूप असेल, तर सिलिंडरला ड्रिल मारून तो काढावा लागतो. हा शेवटचा उपाय. पण सिलिंडर बदलता येतो, सागवानी दार नाही. एखादा आल्या आल्या ड्रिल काढायला लागला तर 'आधी ठशानं बघा की मामा' एवढं म्हणायला संकोचू नका.

चावीवाला कुठला बोलवावा? पैसे किती?

आपल्या भागात वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारा. त्याचा नंबर गरज पडायच्या आधीच घेऊन ठेवा आणि तो नुसता आतल्या भिंतीवर न लिहिता शेजाऱ्यांकडेही द्या. दर फोनवरच ठरवा: येण्याचे किती, उघडण्याचे किती, नवी किल्ली लागली तर किती, आणि रात्रीचे वेगळे का. लॅच आहे की मॉर्टिस, तेही सांगा, म्हणजे तो सांगितलेल्या पैशाला बांधला जातो.

मोबाईलवर शोधून मिळालेल्या अनोळखी नंबरांबाबत सावध राहा. 'आधी पाचशे पाठवा, मग माणूस निघेल', 'हे ॲप घ्या', 'आलेला ओटीपी सांगा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. दार उघडायला ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरला कळवा, तिथं पहिला तास फार मोलाचा असतो.

काम चालू असताना तिथंच उभे राहा. बनवलेल्या सगळ्या किल्ल्या मोजून घ्या. बिघडलेली अर्धवट कोरलेली किल्लीही मागून घ्या.

घर माझंच आहे हे दाखवायचं कसं? कागद तर आत आहेत.

चांगला चावीवाला हे विचारतो, आणि विचारलं म्हणून रागावू नका. जो काहीच न विचारता उघडतो, तो उद्या दुसऱ्या कुणासाठी तुमचंही उघडेल. फोन हातात असेल तर डिजिलॉकरमधलं आधार, महावितरणचं बिल, भाडेकरार दाखवता येतो. फोनही आत असेल तर शेजारी, वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी यांनी 'हे इथलेच' म्हणणं पुरतं. उघडल्यावर कागद दाखवायचा शब्द द्या आणि पाळा.

गॅलरी जवळच आहे. चढून जाऊ का?

नको. शेजारच्या गॅलरीतनं दोन फुटांचंच अंतर दिसतं, पण त्याच्या खाली तीन मजले असतात. छज्जावर शेवाळ असतं, पाईप प्लॅस्टिकचा असतो आणि तो वजन धरण्यासाठी लावलेलाच नसतो. 'आमचा पोरगा तालमीत जातो, सहज जाईल' असं कौतुकानं सांगणारे वडील मी बघितलेत. तालमीत अंगात बळ येतं हे खरं, पण ओल्या छज्जाला ते कळत नाही. पोराला चढवू नका. वरच्या मजल्यावर आणीबाणी असेल तर शिडी अग्निशमन दलाकडे असते.

जुन्या कौलारू घरांत कौलं काढून उतरायची रीत आहे. माहीतगार माणूस वाशावर पाय ठेवत जातो. बाकीचा कौलावर पाय देतो आणि कौलासकट खाली येतो. पावसाळ्यात तर विषयच नको. तळमजल्याच्या खिडकीचा गज किंवा काच काढणं यापेक्षा कितीतरी बरं. काच फोडायचीच तर सगळ्यात लहान तावदान निवडा आणि हाताला जाड टॉवेल गुंडाळा.

रात्री साडेअकरा वाजलेत, कुणी मिळत नाही.

मग आज रात्री दार उघडायलाच हवं का, हा प्रश्न विचारा. आत कुणी नसेल, काही चालू नसेल तर नातेवाइकांकडे झोपा. कुणीच नसेल तर मध्यवर्ती बसस्थानकाच्या आणि अंबाबाई मंदिराच्या परिसरात लॉज आहेत. ओळखपत्र मात्र लागतं. मध्यरात्री शोधलेला माणूस बहुतेक वेळा तोडूनच उघडतो, आणि तोडलेल्या दारात उरलेली रात्र जागूनच काढावी लागते. बाई एकटी असेल आणि जिन्यात थांबणं सुरक्षित वाटत नसेल तर ११२ ला फोन करण्यात काहीही कमीपणा नाही.

कडी-कोयंड्याचं कुलूप तोडायचं ठरलं. कुठं तोडावं?

चांगल्या कुलपाची कडी कडक पोलादाची असते, तिच्यावर साधी करवत नुसती घसरते. तिथं घाम गाळू नका. कोयंडा मऊ पत्र्याचा असतो आणि स्वस्तही, तो कापा. कुलपावर हातोडा मारलात तर धक्का चौकटीला बसतो, जुन्या चौकटी अशाच उकलतात. ग्राइंडर लावणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा.

मी भाडेकरू आहे. घरमालकानं परस्पर कुलूप बदललं.

भाडं थकलं असलं तरी घरमालकाला असं करता येत नाही. ताबा काढून घ्यायचा तर त्याला कोर्टाची वाट आहे. तुम्हीही कुलूप तोडू नका, कारण मग भांडण उलटं फिरतं. बदललेल्या कुलपाचे फोटो काढा, मालकाला लेखी निरोप पाठवा, आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायद्याची वाट सोडून ज्याचा ताबा काढून घेतला त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. मालकी कुणाची हा मुद्दा तिथं येत नाही. सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. पाणी-वीज तोडली असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २९ तुमच्या बाजूनं आहे.

दारावर बँकेचं किंवा कोर्टाचं सील असेल तर त्याला हात लावू नका. आधी वकील गाठा.

घरच्यांनीच बाहेर काढून दार लावलं तर?

दुकानात असा प्रश्न कुणी मोठ्या आवाजात विचारत नाही. 'कुलूप उघडून मिळेल का' एवढंच म्हणतात, आणि मग कळतं की आत माणसं आहेत. अशा ठिकाणी चावीवाला काही करू शकत नाही, कायदा करू शकतो.

विवाहितेला सासरच्यांनी घराबाहेर काढलं असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर तिच्या नावावर नसलं तरीही. कोर्ट तसा निवास आदेश देऊ शकतं. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, जिवाला धोका असेल तर ११२. आई-वडिलांना मुलानं बाहेर काढलं असेल तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ वर माहिती मिळते. मावशी, काका, तुम्ही यातले कुणी असाल तर पायरीवर बसून दार उघडायची वाट बघू नका. फोन लावा, किंवा शेजाऱ्यांना लावायला सांगा.

पूर ओसरल्यावर कुलूप उघडत नाही.

२०१९ आणि २०२१ नंतर सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरच्या बाजूची घरं असलेल्यांनी हे भोगलंय. पुराचं पाणी आठवडाभर कुलपात राहिलं की बारीक गाळ आत बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा होतो. कोरडी किल्ली घालून जोर केलात की ती मोडते. आधी स्वच्छ पाण्यानं भोक धुवा, बाटलीच्या धारेनं, आतलं पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा, थांबा, किल्ली हलक्या हातानं डोलवा. एकदा उघडलं की ते कुलूप पुन्हा भरवशाचं राहत नाही, बदला.

दार उघडलं तरी लगेच आत शिरू नका. मेन स्विच बंद असल्याची आणि वायरिंग तपासल्याची खात्री करा.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ च्या आसपास पोचली की पूरपट्ट्यातल्या घरांनी सामानाबरोबर किल्ल्यांचाही विचार करावा. एक जुडगा उंचावरच्या नातेवाइकांकडे, उदाहरणार्थ राजारामपुरीत, पोचवून ठेवा. निघायच्या गडबडीत किल्ली पाण्यात पडलेली घरं मला माहीत आहेत.

जादा किल्ली कुठं ठेवावी?

पायपुसण्याखाली नको, तुळशीच्या कुंडीत नको, मीटरच्या पेटीत नको, चपलांच्या रॅकमधल्या जुन्या बुटात नको. तुम्हाला सुचलेली जागा चोराला आधी सुचते.

किल्ली माणसाकडे ठेवा. एक शेजारी, जो दिवसा घरी असतो. आणि एक लांबचा, दुसऱ्या पेठेत राहणारी बहीण किंवा मित्र, कारण शेजारी नेमके त्या दिवशी जोतिबाला गेलेले असतात. लिफाफ्यात घालून चिकटवा आणि वर सही करा. देणाऱ्यालाही बरं, ठेवणाऱ्यालाही. लिफाफ्यावर किंवा किल्लीवर पत्ता लिहू नका. त्यांची किल्लीही आपल्याकडे मागून घ्या. एकमेकांच्या किल्ल्या असलेली घरं दुकानात धावत येत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय. अपार्टमेंटमध्ये शेजारी कोण हेच माहीत नसेल तर किल्लीचं निमित्त करून ओळख काढा.

जुडगाच हरवला, तर कुलूप बदलायला हवं का?

जुडग्याबरोबर पत्ता, आधार किंवा गाडीची कागदपत्रं गेली असतील तर हो, त्याच दिवशी. नुसती किल्ली रंकाळ्यात पडली असेल तर गरज नाही. मॉर्टिसचा फक्त सिलिंडर बदलता येतो, पूर्ण कुलूप बदलायची गरज नसते. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा. जुडग्यात बँकेच्या लॉकरची किल्ली असेल तर बँकेला लगेच लेखी कळवा. ती बाहेर कुणाकडून बनवून घेता येत नाही.

डिजिटल लॉक घेतलं तर ही कटकट संपते का?

किल्ली विसरण्याची संपते, बॅटरीची सुरू होते. बहुतेक लॉक बॅटरी उतरायच्या आधी बरेच दिवस आवाज करून सांगतात, आणि बहुतेक घरं त्या आवाजाकडे दुर्लक्ष करतात. बॅटरी पूर्ण गेली तर अनेक मॉडेलांना बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय असते, कुठं यूएसबी, कुठं नऊ व्होल्टची बॅटरी. घेतानाच विचारून ठेवा आणि एकदा करून बघा. त्याच्याबरोबर येणारी साधी किल्ली लोक कपाटात, म्हणजे त्याच दाराच्या आत ठेवतात. ती बाहेर कुणाकडे तरी हवी.

घरी आलो तर कुलूप आधीच तुटलेलं.

आत जाऊ नका, कशालाही हात लावू नका. आत कुणी असू शकतं. खाली या आणि ११२ लावा.

शाळेतून एकट्या येणाऱ्या मुलाला किल्ली द्यावी का?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या, समजत्या मुलाला द्यायला हरकत नाही, पण गळ्यात लटकवून नको. वाटेतल्या सगळ्यांना ती दिसते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोरीनं बांधून द्या. आणि किल्ली सापडली नाही तर कुठल्या घरी जाऊन बसायचं ते आधी ठरवून, त्या घरच्या काकूंना सांगून ठेवा. एक दिवस मुद्दाम मुलाला किल्लीशिवाय पाठवा आणि ते ठरल्याप्रमाणे त्या घरी जातं का बघा.